वाड्यातलं वायरिंग: सागवानी पट्टी, काळा पाईप आणि नवा बोर्ड

मंडळी, बडोद्याच्या वाड्यांवर इथे बरंच लिहून झालंय. कोरीव खांब, चौकातली तुळस, ओटल्यावरच्या गप्पा, गणपतीची आरास. पण भिंतीवरून गेलेल्या वायरींवर कुणी लिहिलेलं मला तरी आठवत नाही. गेल्या वर्षी आमच्या दांडिया बाजारकडच्या वाड्याचा लोड वाढवून घेतला, थ्री फेज मीटर आणि नवा बोर्ड बसवला. त्या निमित्ताने वायरमनच्या मागे मागे सगळा वाडा वरून खाली पाहिला, आणि चार पिढ्यांनी केलेलं विजेचं काम एकाच घरात एकावर एक बसलेलं दिसलं. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या जुन्या घरांतही थोड्याफार फरकाने हेच सापडेल. ज्यांना आपल्या घराचा बोर्ड बदलायचा आहे त्यांनी जरा सावकाश वाचा.

आमच्याकडे वीज आली ती सयाजीराव महाराज हयात असताना, म्हणजे १९३९ च्या आधी. आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत ‘विजेचे फिटिंग’ म्हणून वेगळं पान आहे. गंमत अशी की त्या पानावर वायरमनपेक्षा सुताराला दिलेली रक्कम जास्त आहे. आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हाचं काम निम्मं सुताराचंच होतं. तार जायची ती सागवानी पट्टीतून. पट्टीला दोन खाचा, एका खाचेत एक तार, दुसरीत दुसरी, आणि वरून लाकडी झाकण स्क्रूने बसवलेलं. यालाच केसिंग-कॅपिंग म्हणत. स्क्रू मधल्या कण्यात मारायचा, बाजूला गेला तर तारेत घुसायचा. म्हणून चांगला सुतार लागे. आमच्या माजघरात त्या पट्टीला कोपऱ्यात केलेले जोड अजून आहेत, दाराच्या चौकटीला करावेत तसे, पंचेचाळीस अंशात कापलेले. इतकं देखणं वायरिंग नंतर कुणी केलं नाही, हे मान्यच करावं लागेल.

आतली तार मात्र देखणी राहिली नव्हती. तांब्यावर कल्हईसारखा कथलाचा मुलामा, त्यावर रबर, त्यावर सुती विणकाम. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालतात आणि गंधक तांब्याला खातं, म्हणून तो मुलामा. कल्पना हुशारीची. पण रबराला वय असतं. पंचवीस-तीस वर्षांत ते वाळतं, आणि मग तार वाकवली की बिस्किटासारखा भुगा पडतो. जोवर कुणी हात लावत नाही तोवर खाचेत पडून ते काम देत राहतं. आमच्या देवघरातल्या दिव्याची तार अशीच ऐंशीहून जास्त वर्षं चालू होती. झाकण उघडलं तर दोन्ही तारा उघड्या, मध्ये फक्त सागाचा एक कणा. सुकं लाकूड तसं वीज अडवतं. पण पावसाळ्यात कौलातून ओल आली की तेच लाकूड काय करेल याचा भरवसा नाही, आणि एकदा ठिणगी पडली की पेटायला तेच पहिलं.

त्या काळची आणखी एक सवय बोर्डावर दिसली. दोन्ही तारांना चिनीमातीचा फ्यूज, ज्याला आपण सगळे किटकॅट म्हणतो. फेजलाही आणि न्यूट्रललाही. दोन्हीकडे फ्यूज म्हणजे दुप्पट सुरक्षित असं वाटतं. पण न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, आणि माणूस समजतो की वीज गेली. होल्डरमध्ये मात्र फेज जिवंतच असतो. म्हणूनच १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवायला मनाई केली. आमच्या बोर्डावर तो गेल्या वर्षीपर्यंत होता. तपासणीत पहिला शेरा त्याच्यावरच बसला.

१ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० साली त्याच तारखेला गुजरात झालं. राज्यं बदलली तशी पाट्या बदलल्या, बिलांचे कागद बदलले. वाड्यातल्या वायरींच्या दृष्टीने महत्त्वाचे ते १९५६ चे नियम. परवानाधारक कंत्राटदार, त्याच्या हाताखाली परवाना असलेला वायरमन आणि त्याने सही करून दिलेला टेस्ट रिपोर्ट याशिवाय जोडणी नाही, हा त्यातला कणा. २००३ चा वीज कायदा आला, त्याखाली २०१० चे आणि मग २०२३ चे सुरक्षा विनियम आले, तरी तो कणा तसाच आहे. वायरिंग कसं करावं याची पद्धत भारतीय मानक ७३२ मध्ये लिहिलेली आहे, तिची सुधारित आवृत्ती २०१९ ची. हे आकडे मुद्दाम देतोय, कारण ‘पास करून देतो, काळजी करू नका’ असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला एवढं तरी विचारता यावं.

साठच्या दशकात घरात माणसं वाढली, रेडिओ आला, इस्त्री आली, पंखे वाढले. दिव्याचं मीटर वेगळं, पॉवरचं वेगळं. पुढच्या दोन खोल्यांत तेव्हा पट्टीचं वायरिंग झालं: भिंतीवर सागाची बारीक पट्टी, तिच्यावर रबरी आवरणाची सलग वायर आणि पत्र्याच्या क्लिपा. केसिंगपेक्षा स्वस्त, सुताराचं काम कमी. त्याच सुमारास तांबं महाग आणि दुर्मिळ झालं, बाहेरून आणायचं तर परकी चलन नाही, म्हणून घराघरांत ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. तेव्हाची मापं आमचे वायरमन अजून तोंडपाठ म्हणतात: एक-अठरा, तीन-बावीस, सात-वीस. पहिला आकडा तारेतल्या पदरांचा, दुसरा पदराच्या गेजचा. तीन-बावीस म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटर. ॲल्युमिनियम नरम, स्क्रूखाली दबत जातं, जोड सैल होतो, सैल जोड तापतो. जुन्या घरांत स्विचच्या मागे काळे डाग दिसतात ते बहुतेक याचेच.

आता काळा पाईप. मागच्या चौकापलीकडे तीन खोल्या, वर माडी आणि न्हाणीघर हे सगळं आजोबांनी नंतर बांधलं. विटांचं पक्कं बांधकाम. तिथे त्यांनी हौसेने लोखंडी कंड्यूट घातला. काळ्या इनॅमलचा, टोकांना आटे पाडलेला, कपलरने जोडलेला. भारी काम. पाहुण्यांना दाखवायचे म्हणे. त्या काळच्या पद्धतीत हा पाईप दोन कामं करायचा. तारेला खिळ्यापासून, उंदरापासून, आगीपासून जपायचं हे एक. दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही: पाईप स्वतःच अर्थिंगची वाट असायचा. वेगळी हिरवी तार आत नाही. थ्री पिनची तिसरी पिन लोखंडी बॉक्सला, बॉक्स पाईपला, पाईप मेन स्विचपर्यंत, आणि तिथून जस्ती तारेने जमिनीत. आटे घट्ट असतील, बॉक्सच्या आतला रंग खरवडलेला असेल, तर हे काम चोख चालतं. चाळीस वर्षं चाललंही.

ऐंशीच्या दशकात न्हाणीघराची भिंत फोडून नळाची दुरुस्ती झाली. भिंतीतला काळा पाईप गंजलेला निघाला. कामावरच्या माणसाने चारेक फूट कापला आणि मध्ये पांढरा प्लास्टिकचा पाईप बसवला. तारा त्याच, त्यातूनच पुन्हा ओवल्या. दिवा लागला, गीझर चालला, सगळे खूश. प्लास्टिकमधून अर्थ जात नाही हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं, कारण अर्थ तुटला म्हणून काहीही बंद पडत नाही. हीच त्याची मोठी खोड. फेज तुटला तर अंधार होतो, न्यूट्रल तुटला तर अंधार होतो. अर्थ तुटला तर घर पूर्वीसारखंच हसतखेळत चालू राहतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आत्याला नळाला हात लावल्यावर झटका बसला. आत्या ब्याऐंशीची. हात झटकला गेला, ती मागे स्टुलावर आपटली, म्हणून वाचली. “अरे, नळ चावला मला,” एवढंच म्हणाली. गीझरचा एलिमेंट आतून गळत होता. त्याच्या पत्र्याच्या अंगावर आलेली वीज तिसऱ्या पिनमधून पाईपमध्ये गेली, पण पाईप चार फुटांवर तुटलेला. परतायला वाट नाही. म्हणजे प्लास्टिकच्या अलीकडचा सगळा लोखंडी भाग, गीझर, नळ, भिंतीवरचे सॅडल, सगळंच जिवंत. बोर्डावरच्या किटकॅटमध्ये कुणीतरी जाड तार घातलेली, ती कशाला उडतेय.

वायरमनभाई आले, मीटरची एक टोचणी पाईपला आणि दुसरी मेन स्विचच्या अर्थला लावली. काटा हललाच नाही. मग म्हणाले, “काका, आ घरमां पाईप ज अर्थ छे. ने पाईप तो कापी नाख्यो छे.” बडोद्याच्या मंडळींना भाषांतर नको. बाकीच्यांसाठी: या घरात पाईप हाच अर्थ आहे, आणि पाईप तर कापून टाकलाय. मग त्यांनी मेगर लावला. पाचशे व्होल्ट डीसी, एक मिनिट, फेज ते अर्थ किमान एक मेगओहम यायला हवा. मागच्या खोल्यांत तो कसाबसा आला. केसिंगच्या भागात काटा शून्याच्या आसपासच राहिला.

यानंतर घरात जे झालं ते प्रत्येक जुन्या वाड्यात होतं. वाडा तीन भावांच्या वारसांचा. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, इतका खर्च करण्यापेक्षा बिल्डरला देऊन मोकळे होऊ. धाकटे काका, वय अठ्ठ्याऐंशी, म्हणाले, “मी असेपर्यंत नाही. आणि मी अंधारातही राहीन.” आत्या काहीच बोलली नाही. ती न्हाणीघरात जायलाच घाबरायची, बालदीने चौकात अंघोळ करायची. तिच्याकडे पाहून निर्णय झाला. खर्च तीन भागांत, मीटर एकच, पण नव्या बोर्डावर तिन्ही भागांचे वेगळे एमसीबी. भांडण तिथे मिटलं असं म्हणत नाही, पण काम सुरू झालं.

खरा प्रश्न आला तो पाईप कुठला घ्यायचा. दुकानात गेलं की एकच उत्तर: पीव्हीसी पंचवीसचा घ्या, भिंत खाचून आत गाडा, वरून प्लॅस्टर, दिसणारही नाही. फ्लॅटला ठीक. आमच्या पुढच्या भिंती लाकडी खांबांच्या मध्ये विटा भरून चुन्यात बांधलेल्या. त्यात आडवी खाच मारली तर भिंतच कमरेत कापल्यासारखी होते, आणि खांब तर खाचता येतच नाही. म्हणून पुढच्या भागात सगळं भिंतीवरून, उघडं. काकांना ते आवडलं नाही. मी म्हणालो, आजोबांची सागवानी पट्टी तरी कुठे भिंतीत गाडलेली होती?

पुढचा भाग पीव्हीसीचा झाला. भारतीय मानक ९५३७, भाग ३ चा छाप असलेला, कडक पाईप. हलका, मध्यम, भारी असे त्यात तीन प्रकार येतात. दुकानदार न विचारता हलका देतो, कारण तो स्वस्त आणि बोटाने दाबला तर चेपतो. आम्ही मध्यम घेतला, ओटल्याजवळ भारी. नालीदार लवचीक पाईप मी कुठेही घेऊ दिला नाही. त्यातून पुन्हा वायर ओढताना ती प्रत्येक वळीत अडकते, आणि पुन्हा ओढता येणं हाच तर पाईपचा फायदा.

ओटल्यावरच्या मीटरपासून आतल्या बोर्डापर्यंतचा मेनचा पाईप मात्र लोखंडी, जस्ताच्या मुलाम्याचा. तिथे ऊन लागतं, सायकली टेकवतात, गाय अंग घासते. आणि माडीच्या तक्तपोशीत, जिथे लाकडी तुळयांच्या वरून वायर जाते, तिथेही लोखंडीच. कारण उंदीर. आमच्या माडीवरचे उंदीर पीव्हीसी आवडीने खातात, हा पुराव्याने शाबित झालेला इतिहास आहे. शिवाय वायर पेटलीच तर सुक्या सागापर्यंत ज्योत पोचायला मध्ये लोखंड असलेलं बरं.

लोखंडी पाईपचा एक नियम विसरू नका. एका सर्किटचे फेज आणि न्यूट्रल एकाच पाईपातून गेले पाहिजेत, आणि थ्री फेज असेल तर तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र. एक तार एका लोखंडी पाईपात, दुसरी दुसऱ्यात असं केलं की एसीमुळे लोखंडात भोवरे फिरतात आणि पाईप विनाकारण तापतो. केसिंगमध्ये दोन खाचा वेगळ्या होत्या, त्या सवयीने जुने कारागीर असं करून ठेवतात.

आकाराचा हिशेब मी स्वतः केला, कारण दुकानदार पंचवीसवर अडून होता. पंचवीसचा म्हणजे बाहेरून पंचवीस मिलिमीटर, आतून सुमारे साडेएकवीस. मेनला दहा चौरस मिलिमीटरच्या चार वायरी आणि सहाची एक अर्थची. दहाची वायर आवरणासकट साधारण साडेसहा मिलिमीटर जाडीची, सहाची पाच. सगळ्यांचं क्षेत्रफळ मिळून दीडशेच्या वर जातं, आणि पाईपचं आतलं क्षेत्रफळ तीनशे साठच्या आसपास. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या पुढे. चाळीस टक्के ही मर्यादा मानतात, त्यापुढे वायरी ओढताना सोलतात आणि उष्णता बाहेर पडत नाही. बत्तीसचा घेतला तर तोच आकडा पंचवीस टक्क्यांवर येतो. दोन पाईपांच्या किमतीत फरक किती? तीन जणांत वाटला तर एका वेळच्या चहा-फाफड्याचा. बेंडही मोजले: एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत काटकोनातली चारपेक्षा जास्त वळणं नकोत. तेवढ्यासाठी मधल्या जिन्याजवळ एक जंक्शन बॉक्स वाढवला.

आणि मुख्य गोष्ट. पाईप कुठलाही असो, प्रत्येक पाईपात हिरवी तांब्याची अर्थ वायर. लोखंडी पाईपात तर नक्कीच, आणि जिथे लोखंडी संपून पीव्हीसी सुरू होतो तिथे लोखंडी तुकड्याला वेगळा क्लॅम्प लावून तोही त्याच अर्थला बांधलेला. तपासणीला आलेल्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ याच ठिकाणी घालवला. एकेक तुकडा टोचणीने मोजला. मागच्या खोल्यांतला आजोबांचा काळा पाईप काढला नाही. आतल्या जुन्या वायरी ओढून काढल्या आणि त्यांच्याच मागे बांधून नव्या ओढल्या. पन्नासहून जास्त वर्षांचा पाईप, तरी वायर अलगद गेली. फक्त त्याच्यावर आता अर्थची जबाबदारी नाही. न्हाणीघरातला प्लास्टिकचा तुकडाही तसाच आहे, त्याने काही बिघडत नाही आता. बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला, तो सगळ्यात आधी त्याच सर्किटला.

पहिल्या खेपेला रिपोर्ट परत आला. कारणं तीन: न्यूट्रलचा जुना किटकॅट काढायचा राहिला होता, देवघरातली केसिंगमधली तार अजून जोडलेली होती, आणि अर्थच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स रिपोर्टात लिहिलेला नव्हता. तिन्ही रास्त. देवघरावर काका अडले. ती पट्टी आजोबांच्या वेळची, तिला हात लावायचा नाही. शेवटी पट्टी भिंतीवर तशीच ठेवली, आतल्या तारा काढून टाकल्या आणि दिव्याला नवी वायर मागून तक्तपोशीतून दिली. दुसऱ्या खेपेला पास झाला.

आत्या आता पुन्हा न्हाणीघरात जाते, पण नळ उघडायच्या आधी हाताच्या पालथ्या बाजूने हलकेच शिवून बघते. वायरमनभाईंनीच तिला ते शिकवलंय. म्हणे, पालथा हात लावला तर झटका बसला तरी मूठ आवळत नाही. मी तिला सांगितलं की आता आरसीसीबी आहे, नळ तपासायची गरज नाही. तर म्हणाली, “तुझा आरसीसीबी महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबून बघायचा असतो ना? मी विचारलंय भाईंना. या महिन्याचं दाबलंस का?”

दाबलं होतं. लगेच पडला. आता दर एक तारखेला तीच मला आठवण करते.